आधुनिक टपाल तिकिटे : अस्सल, बनावट आणि मुद्रणदोष

टपाल तिकीट हा आकाराने लहान कागद असला तरी टपाल खात्याने आगाऊ स्वीकारलेल्या पैशाची ती पावती असते. त्यामुळे तिची नक्कल होणार, हे तिकिटाच्या जन्मापासूनच गृहीत धरलेले होते. मे १८४० मध्ये इंग्लंडात प्रचारात आलेल्या 'पेनी ब्लॅक'च्या खालच्या दोन कोपऱ्यांतील अक्षरे शोभेसाठी नव्हती. एका तावावरील २४० तिकिटांपैकी प्रत्येकाची अक्षरजोडी निराळी होती. नक्कल करणाऱ्याला केवळ एक तिकीट कोरून भागू नये, असा त्यामागील हिशेब होता.

हा हिशेब किती उपयोगी ठरला, हे लंडनच्या शेअर बाजारातील प्रकरणावरून दिसते. १८७२-७३ मध्ये तेथील तारघरात तारेच्या अर्जांवर एक शिलिंगाची हिरवी बनावट तिकिटे चिकटविली जात होती. तिकिटावर लगेच शिक्का पडे आणि अर्ज दप्तरात जाई. ते पुन्हा निरखून पाहण्याचे कोणास कारणच नव्हते. पुढे जुने अर्ज संग्राहकांच्या हाती आले आणि १८९८ मध्ये चार्ल्स निसन या तिकीटतज्ज्ञाने ही फसवणूक उघडकीस आणली. सुमारे पाव शतक ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. या तिकिटांच्या कागदात वॉटरमार्क नव्हता. त्याहून बोलका पुरावा अक्षरांचा होता. तावात 'ए' ते 'टी' अशा वीस ओळी आणि 'ए' ते 'एल' असे बारा स्तंभ असत. पण काही बनावट तिकिटांवर या चौकटीत बसूच न शकणाऱ्या अक्षरजोड्या होत्या. चित्राची नक्कल साधली होती, मात्र ताव कसा रचला जातो याचे ज्ञान नक्कल करणाऱ्याला नव्हते. कोणाचाही अपराध शेवटपर्यंत सिद्ध झाला नाही.

तिकीट 'कसे दिसते' यापेक्षा ते 'कसे घडले असेल' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, तो याच कारणाने. मुद्रणदोषाचा निवाडाही याच प्रश्नाने होतो. १८५४ मध्ये कलकत्त्यात छापलेल्या चार आण्यांच्या तिकिटाची चौकट तांबड्या आणि राणीचे मस्तक निळ्या रंगात, अशी दोन वेळा छपाई होई. दुसऱ्या वेळी ताव उलटा लागला की मस्तक उलटे येई. म्हणून हा दोष शक्य कोटीतला आहे. एकाच रंगात, एकाच दाबाखाली छापलेल्या तिकिटात फक्त मस्तक उलटे आढळले, तर ते मूल्यवान नसून संशयास्पद मानावे लागते.

नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून तिकिटांची छपाई सुरू झाली. तेथे छापलेल्या १९२९ च्या हवाई टपाल मालिकेत एका झाडाचा शेंडा नसलेले तिकीट संग्राहकांना परिचित आहे. असा दोष मुद्रणपट्टातच असल्यास तो तावातील ठरावीक जागी पुनःपुन्हा उमटतो. १ ऑक्टोबर १९५२ च्या संतकवी मालिकेपासून नाशिकला फोटोग्रॅव्हूर पद्धती आली आणि तिच्याबरोबर नव्या प्रकारचे दोषही आले. सिलिंडरवरील जादा शाई पुसणाऱ्या पात्यास खाच पडली, तर कागदावर बारीक रेघ उमटते. ती एका तिकिटापुरती थांबत नाही, शेजारच्या तिकिटांतून आणि समासातूनही सरळ जाते. छिद्रांच्या आतच सुरू होऊन आतच संपणारी अशी रेघ बहुधा छापखान्याबाहेर ओढलेली असते. सुटे तिकीट यासाठीच दुबळा पुरावा ठरते. जोडी किंवा समासासह तुकडा असावा, हा संग्राहकांचा आग्रह हौसेपोटी नाही.

फोटोग्रॅव्हूरमध्ये अक्षरांच्या कडाही जाळीमुळे किंचित दातेरी दिसतात. ऑफसेटवरील नकलेत भिंगाखाली रंगांचे सुटे ठिपके दिसतात आणि अक्षरांच्या कडा नको तितक्या स्वच्छ असतात. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली महात्मा गांधींची चार तिकिटे स्वित्झर्लंडच्या कुर्व्वाझिये संस्थेने फोटोग्रॅव्हूरनेच छापली होती. त्यांतील दहा रुपयांच्या तिकिटावर 'सर्व्हिस' हे शब्द छापलेल्या केवळ शंभर प्रती निघाल्या. येथे संशय तिकिटावर नसतो, त्या एका शब्दावर असतो, कारण मूळ तिकीट अस्सल असूनही वरचा शब्द नंतर छापलेला असू शकतो. 'रंग सुटलेला' म्हणून विकल्या जाणाऱ्या तिकिटांचेही तसेच आहे. पिवळा रंग उन्हाने वा रसायनाने उडतो, हिरवे तिकीट निळसर होते; ती छपाईची चूक नव्हे.

क्वचित चूक अस्सल असूनही तिची किंमत शासनच काढून घेते. १९६२ मध्ये अमेरिकेच्या डाग हॅमरशोल्ड तिकिटात पिवळी पार्श्वभूमी उलटी छापली गेली. काही संग्राहकांना ही तिकिटे मिळाल्याचे कळताच पोस्टमास्टर जनरल जे. एडवर्ड डे यांनी तोच दोष मुद्दाम ठेवून चार कोटी तिकिटे छापविली. दुर्मीळ दोष एका आदेशाने सामान्य झाला! प्रक्रियेतील अपघात आणि हेतुपुरस्सर केलेली छपाई कागदावर अशी तंतोतंत सारखी दिसू शकते, आणि तेथे भिंगापेक्षा दप्तर अधिक कामास येते.

अलीकडच्या काळात पारखण्याचे काम डोळ्यांकडून यंत्राकडे गेले आहे. ब्रिटनमध्ये १९९३ पासून कडेच्या छिद्रांत एक लंबवर्तुळाकार छिद्र आले, २००९ पासून तिकिटावर सूक्ष्म अक्षरे व कापाच्या खुणा आल्या, तर २०२२ पासून नेहमीच्या वापरातील तिकिटांना स्वतंत्र बारकोड मिळाला. स्मारक तिकिटे वगळता बारकोड नसलेली जुनी तिकिटे ३१ जुलै २०२३ नंतर चालेनाशी झाली. यानंतरही बनावट तिकिटे आढळत राहिली आणि पत्र ज्याला आले, त्याच्याकडून पाच पौंड आकारले जाऊ लागले. तिकीट त्याने विकत घेतलेले नव्हते आणि ते पारखण्याचे साधनही त्याच्या हाती नव्हते. दुकानातून तिकिटे घेतल्याचे सांगणाऱ्या लोकांच्या तक्रारी वाढल्यावर एप्रिल २०२४ मध्ये रॉयल मेलने पत्र घेणाऱ्यावरील ही आकारणी थांबविली. त्याच वर्षी तिकिटाचा बारकोड तपासण्याची सोय सामान्य ग्राहकाच्या मोबाइलवर देण्यात आली.