दिनविशेष : १६ डिसेंबर १५१५

आजच्या दिवशी पोर्तुगीज दर्यावर्दी अफोन्सो दे अल्बुकर्क याने गोव्याच्या तोंडाशी जहाजावरच प्राण सोडला. होर्मुझहून परतताना वाटेतच त्याला कळले होते, की आपल्या जागी लोपो सोआरेस याची नेमणूक झाली आहे.

त्याच्या मुलाने, ब्राझने, वडिलांनी राजा मॅन्युएलला धाडलेल्या पत्रांवरून त्यांचे चरित्र रचले. ते १५५७ मध्ये लिस्बनला छापले गेले. १७७४ ची आवृत्ती चार खंडांत निघाली. लंडनच्या हॅक्लुइट सोसायटीने १८७५ ते १८८४ या काळात काढलेले इंग्रजी भाषांतरही चारच खंडांचे. सोळाव्या शतकातला कोकण किनारा समजून घ्यायला हे जुने खंड फार मोलाचे आहेत. मात्र ते मुलाने लिहिले आहेत, हे पानोपानी लक्षात ठेवायला हवे. नोव्हेंबर १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा पुन्हा घेतल्यावर अल्बुकर्कने तिथल्या मुसलमानांची सरसकट कत्तल करवली. तो पराक्रम नव्हे, क्रौर्यच होते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरकरांनीही ही हकिकत दूरची मानू नये. शेजारचा दौलताबादचा किल्ला १४९९ मध्येच अहमद निजामशहाच्या हाती आला होता आणि चौल बंदरही निजामशाहीचेच होते. पोर्तुगीजांनी समुद्रावरची वाट अडवली, की त्याची झळ घाटावरच्या या राज्यालाही बसे. अरबी घोडे समुद्रमार्गेच येत, आणि दख्खनच्या फौजांची भिस्त त्या घोड्यांवर होती.