अलॉय व्हील घेताना इंच आणि ऑफसेट कसं बघायचं?
मोठं अलॉय दिसतं भारी, पण मी आधी आकडे बघतो. स्विफ्टचे कंपनीचे दोन साइज घ्या: १६५/८० आर१४ आणि १८५/६५ आर१५. टायरसकट उंची साधारण ६२० आणि ६२२ मिमी. रिम इंचभर वाढली, साइडवॉल १३२ वरून १२० मिमीवर आली. म्हणून स्पीडोमीटर बरोबर राहतो.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर. रुंदी तीच ठेवून ईटी४० ऐवजी ईटी२५ लावलं, तर चाक १५ मिमी बाहेर येतं. मग ते फेंडरला घासू शकतं, बेअरिंगवरही ताण येतो.

चौसाळ्याला धुळे-सोलापूर हायवे सोडून गावरस्त्याला लागत असाल, तर जाड साइडवॉलच बरी. खड्ड्यात रिम वाचते. आणि पीसीडी जुळलंच पाहिजे, नाहीतर चाक बसणारच नाही.