उपवासकाळाची तयारी आणि पुराणाची मागणी

वर्षातला काही काळ संयमासाठी राखून ठेवायचा, ही कल्पना वऱ्हाडातल्या वाचकाला नवी नाही. आमच्या वाशीम जिल्ह्यापुरते पाहिले तरी कारंजा (लाड) हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. त्यामुळे गुरुचरित्राच्या सप्ताहाचे नियम येथे घरोघरी ठाऊक. त्याच कारंज्यात दिगंबर जैनांच्या भट्टारकपीठांची परंपरा. दशलक्षण पर्वानंतर येणारी क्षमावाणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. एकादशी, चातुर्मास, रमजान यांच्या या मेळ्यात आणखी एक काळ आहे, त्याकडे मात्र मराठीच्या अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे कॅथलिकांचा उपवासकाळ, अर्थात प्रायश्चित्तकाळ. १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात आजचा वाशीम जिल्हाही येतो. जिल्हा १९९८ चा, म्हणजे धर्मप्रांताहून बराच लहान. येथील कॅथलिक समाज संख्येने अल्प आहे. परंतु या काळासाठी मराठी कॅथलिक जे शब्द वापरतात, त्यांचा इतिहास अल्प नाही.

प्रथम या काळाचे गणित. ईस्टरचा रविवार वसंतातल्या पौर्णिमेवर ठरतो, म्हणून तो दरवर्षी सरकतो. आपल्या तिथींप्रमाणेच त्याचे नाते चंद्राशी आहे. त्याआधी शेहेचाळीस दिवसांवर राखेचा बुधवार, म्हणजेच भस्म बुधवार येतो. मधले सहा रविवार उपवासाचे मानीत नाहीत, ते वगळले की चाळीस दिवस उरतात. ‘चाळिसावा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’ आणि त्यावरून कोकणीतला ‘करेज्म’ आला. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात आणि ती कपाळी लावतात.

आज तयारी म्हणजे बुधवारच्या आधीचे काही दिवस. पूर्वी तसे नव्हते. त्याआधीचे सुमारे तीन आठवडे हेच तयारीचे पर्व असे. त्यात जांभळी वस्त्रे येत आणि ‘आलेलुया’ हा आनंदघोष थांबे. १९६९ च्या पंचांगसुधारणेत हे पर्व वगळण्यात आले. तत्पूर्वी, १९६६ साली, उपवासाचे नियमही सौम्य झाले. सक्तीचे उपवास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवसांवर आले. बाह्य नियम कमी झाले तसा आतल्या तयारीवर भार वाढला. कबुली, दान, प्रार्थना आणि श्रवण ही त्या तयारीची अंगे. यांतले श्रवण हे अंग आम्हां साहित्याच्या विद्यार्थ्यांना थेट सोळाव्या-सतराव्या शतकातल्या साष्टीत घेऊन जाते.

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतांश साष्टी भागात वावरले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरू, दुसऱ्यात एकोणसाठ. एकूण ओव्या १०,९६२. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे चरित्र आहे. अरण्यातला चाळीस दिवसांचा उपवास आणि क्रुसावरचे मरण हे उपवासकाळाचे दोन्ही आधारप्रसंग त्यात ओवीबद्ध झाले आहेत. हा ग्रंथ एकांतात वाचण्यासाठी रचलेला नव्हता. रविवारी आणि सणाच्या दिवशी तो देवळात मोठ्याने वाचला जाई. आणि ‘देऊळ’ हा शब्द येथे आम्ही स्टीफन्स यांच्याच वापरातून घेत आहोत. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणणारा हा कवी श्रोत्याच्या कानाची सवय ओळखून लिहीत होता.

आमच्या अभ्यासक्रमांत ‘क्रिस्तपुराण’ येते ते बहुधा मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांपुरते. एका परदेशीयाने आपल्या भाषेचे गुणगान केले, याचा आनंद मानून आपण पुढे जातो. त्याच पहिल्या अवस्वरूतला दुसरा प्रसंग मात्र वर्गात क्वचितच वाचला जातो. देवळात ख्रिस्ती शिकवण चालू असताना एक ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे तसे पुस्तक आम्हांला का करून देत नाही? ही मागणी हेच ग्रंथाच्या निर्मितीचे कारण म्हणून कवी सांगतो.

या प्रश्नातला पूर्वार्ध आपण ऐकला पाहिजे. १५६७ च्या सुमारास साष्टीतली अनेक देवळे पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच येशूसंघीयांची हत्या झाली, आणि त्यानंतर राज्यकर्त्यांनी गावच्या मुखियांना ठार मारले. श्रोत्यांच्या घरातली पोथी गेली होती, ऐकण्याची सवय तेवढी उरली होती. ‘क्रिस्तपुराण’ या रिकाम्या जागेत उभे आहे. ही जागा कवीला दिसत होती, आणि त्याने ती आपल्याच ग्रंथात नोंदवून ठेवली, हे आम्हांला त्या प्रसिद्ध स्तुतीपेक्षाही मोलाचे वाटते. तथापि नोंद म्हणजे पश्चात्ताप नव्हे. पुराणे वर्ज्य करणे चूक होते, असे स्टीफन्स कोठेही म्हणत नाहीत. मागणी मान्य करून ते नवे पुराण देतात. कवीची करुणा आणि सत्तेची सक्ती एकाच ग्रंथात वाचावी लागते. यांतली एक बाजू गाळून केलेले अध्यापन सोपे होते, खरे होत नाही.

पुढे या ग्रंथावरही तीच वेळ आली. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांनी आणि श्रोत्यांनी. १९०७ मध्ये मंगळूरहून सालढाणांनी तो छापला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातले देवनागरी हस्तलिखित प्रकाशात आले. १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली. कारंज्याच्या जैन भांडारांनी अपभ्रंश काव्ये जपली म्हणून ती १९३० च्या दशकात छापता आली. साष्टीच्या पुराणाला असे भांडार लाभले नाही. पाठ करणाऱ्यांनी आणि नकला करणाऱ्यांनीच त्याची राखण केली.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट दिली आणि मिस्सा मराठीत आली. त्यासाठी वापरात असलेले शब्द पाहा: उपवास, प्रायश्चित्त, भस्म. तिन्ही शब्द आपल्या जुन्या धर्मव्यवहारातले. प्रायश्चित्ताला धर्मशास्त्राची, भस्माला शैवांची आठवण चिकटलेली आहे. भाषांतर करणाऱ्याने ती आठवण पुसली नाही. पुसणे शक्यही नव्हते. स्टीफन्स यांनी चारशे वर्षांपूर्वी धरलेली वाट हीच.

आणि प्रायश्चित्त हे केवळ एकट्याचे नसते. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्याच रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या सदस्यांनी केलेल्या अपराधांची जाहीर क्षमा मागितली. त्यात इतर संस्कृती आणि धर्म यांच्या अनादराचाही उल्लेख होता. साष्टीचे नाव त्यात नव्हते. पण साष्टीतल्या त्या ब्राह्मणाच्या प्रश्नाच्या पूर्वार्धाला मिळालेले हे उशिराचे उत्तर आहे, असे म्हणण्यास जागा आहे. ज्या काळाची तयारीच मुळी ‘आपले काय चुकले’ या प्रश्नाने होते, त्याच काळात ते उत्तर यावे, हे उचितच झाले.

मराठीच्या वर्गात ‘क्रिस्तपुराण’ शिकवताना भाषास्तुतीच्या ओव्या अवश्य म्हणाव्यात. त्यांच्याबरोबर त्या ब्राह्मणाची मागणीही वाचावी, आणि तिच्यातला पहिला शब्दसमूह विद्यार्थ्यांकडून दोनदा वाचून घ्यावा.