राज्य, राष्ट्र आणि सीमा : मुळशी सत्याग्रहाच्या संदर्भात

प्रस्तावना : निश्चित भूप्रदेशावर सार्वभौम सत्ता असणारी संस्था म्हणजे राज्य, तर सामूहिक ऐक्यभावनेतून साकारते ते राष्ट्र. राजकीय भूगोलातील या दोन संकल्पनांमधील अंतर पुणे जिल्ह्यातील मुळशी सत्याग्रहात (१९२१-२४) स्पष्टपणे दिसून येते.

राज्य व राष्ट्र : मुंबईच्या वीजपुरवठ्यासाठी टाटा कंपनीने मुळशी येथे नीला व मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण योजिले. ब्रिटिश शासनाने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मावळ्यांच्या जमिनी कंपनीस मिळवून दिल्या. सेनापती बापट व वि. म. भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह आरंभिला. राज्य परकीय, परंतु भांडवल स्वदेशी होते. त्यामुळे राष्ट्र म्हणजे उद्योग की शेतकरी, हा प्रश्न राष्ट्रीय चळवळीतच निर्माण झाला. जमिनींवर हक्क असलेल्या अनेक सावकारांनी मोबदला स्वीकारला. कसणारा मावळा एकाकी पडला.

सीमा : सह्याद्रीचा माथा ही देश व कोकण यांमधील नैसर्गिक सीमा होय. पूर्ववाहिनी मुळेचे पाणी पश्चिमेस भिरा (जि. रायगड) येथील वीजगृहाकडे वळविल्याने ही सीमा ओलांडली गेली. खोऱ्याबाहेर जाणारे हे पाणी पुढे कृष्णा पाणीतंटा लवादासमोरही विचारार्थ आले.

समारोप : खाजगी कंपन्यांसाठीच्या भूसंपादनास ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती २०१३ च्या कायद्याने आवश्यक ठरविली. मुळशीत ती घेतलीच गेली नव्हती. भूप्रदेशावरील सत्ता राज्याची असली, तरी तेथील रहिवाशांच्या संमतीवाचून राष्ट्र ही संकल्पना अपुरीच राहते.