नोंद आणि परिणाम : प्रदूषणमापनातील जुळवणीच्या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा
(शीळफाटा-डोंबिवली परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
ठाणे जिल्ह्यातील शीळफाटा येथे जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि कल्याण-शीळ रस्ता एकत्र येतात. या फाट्याच्या एका अंगास महापे व ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, दुसऱ्या अंगास डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, तर जवळच दिवा व मुंब्रा ही दाट वस्तीची गावे आहेत. ठाणे (१९८२), कल्याण-डोंबिवली (१९८३) व नवी मुंबई (१९९२) या तीन महानगरपालिकांच्या हद्दी येथे परस्परांच्या निकट येतात. हवा आणि पाणी मात्र या हद्दी जाणत नाहीत. अशा परिसरातील प्रदूषणाच्या नोंदी भरपूर झाल्या. परंतु त्या नोंदींचे ‘परिणामात’ रूपांतर करताना कोणती अडचण उद्भवली, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे.

नोंदींचा इतिहास :
१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व त्याच दशकात डोंबिवली वसाहत आकारास आली. रासायनिक, औषधनिर्मिती, रंगद्रव्ये व वस्त्रप्रक्रिया हे येथील प्रमुख उद्योग होत. राज्याने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर जल (१९७४), वायू (१९८१) व पर्यावरण संरक्षण (१९८६) हे केंद्रीय कायदे झाले.

या कायद्यांनी नोंदींना एक विशिष्ट भाषा दिली. सांडपाण्यासाठी बीओडी, सीओडी व एकूण विद्राव्य घटक, तर हवेसाठी सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे व धूलिकण अशी ती भाषा होती. धूलिकणांची व्याख्याही बदलत गेली. १९८२ च्या मानकांत एकूण तरंगते कण होते, १९९४ मध्ये श्वसनीय कणांची भर पडली आणि २००९ मध्ये पीएम १० व पीएम २.५ ही मापे स्वीकारली गेली. ही भाषा नियमनासाठी तयार झाली होती. मर्यादा ओलांडली की नाही, एवढेच तिला सांगावयाचे होते.

परिणाम-पद्धतींचा इतिहास :
परिणाम मोजण्याची भाषा अन्यत्र घडत होती. १९६९ मध्ये अमेरिकेत एका शीतपेय कंपनीसाठी बाटल्यांचा तौलनिक अभ्यास झाला व तेथून जीवनचक्र मूल्यमापनाची सुरुवात मानली जाते. १९९२ मध्ये नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या केंद्राने मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक उत्सर्जनास गुणक देऊन जागतिक तापमानवाढ, आम्लीकरण, पोषकवृद्धी, विषारीपणा अशा वर्गांत त्याची बेरीज करण्याची रीत रूढ झाली. १९९७ मध्ये आयएसओ १४०४० व २००६ मध्ये आयएसओ १४०४४ ही मानके आली. सिमाप्रो, ओपनएलसीए यांसारख्या संगणक प्रणालींनी हे काम सुलभ केले.

येथेच जुळवणीचा प्रश्न उद्भवला. प्रणालीत उत्सर्जनांची यादी एका संस्थेची, तर गुणकांची यादी दुसऱ्या संस्थेची असते. पदार्थाचे नाव, तो हवेत, पाण्यात की जमिनीत गेला हे माध्यम, आणि एकक या तिन्ही बाबी जुळल्या तरच गुणाकार होतो. न जुळल्यास त्या उत्सर्जनाचा परिणाम बेरजेत शून्य धरला जातो. स्वित्झर्लंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या इकोइन्व्हेंट या माहितीसंचाच्या कर्त्यांना म्हणूनच परिणाम-पद्धती आपल्या संचाशी कशा जोडाव्यात यावर स्वतंत्र अहवाल काढावा लागला.

स्थानिक उदाहरणे :
पहिले उदाहरण सांडपाण्याचे. लायडनच्या पद्धतीत एक किलो सीओडीस ०.०२२ किलो फॉस्फेट-समतुल्य असा पोषकवृद्धीचा गुणक आहे. २००८ च्या रेसिपी पद्धतीत गोड्या पाण्याची पोषकवृद्धी केवळ फॉस्फरसवर मोजली जाते व सीओडीस गुणक नाही. अर्थात नाल्यातून जाणारे तेच पाणी एका पद्धतीत दोषी, तर दुसऱ्या पद्धतीत निर्दोष ठरते. विषारीपणा मोजणाऱ्या यूएसईटॉक्ससही सीओडीचा उपयोग नाही. तिला प्रत्येक रसायन नावानिशी हवे असते. ‘एकूण क्रोमियम’ अशी नोंद असल्यास तीतील षट्‌संयुजी क्रोमियम किती, हे ठरविता येत नाही. आणि विषारीपणातील खरा भेद तर तेथेच आहे.

दुसरे उदाहरण कचऱ्याचे. ठाण्याचा कचरा अनेक वर्षे दिवा येथे टाकला जात असे. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो. आयपीसीसीच्या १९९५ च्या अहवालात त्याचा शतवर्षीय गुणक २१ होता. २०२१ च्या अहवालात जैविक मिथेनसाठी २७ व जीवाश्म मिथेनसाठी २९.८ असे दोन गुणक आहेत. रसायनांचा सीएएस क्रमांक मात्र दोहोंचा एकच असल्याने केवळ क्रमांकावर विसंबून केलेली जुळवणी फसते.

तिसरे उदाहरण धुळीचे. भारतीय नोंदीतील पीएम १० मध्ये पीएम २.५ समाविष्ट असते, तर इकोइन्व्हेंटमध्ये २.५ ते १० मायक्रॉन हा वेगळा गट आहे. वजाबाकी न करता दोन्ही आकडे भरल्यास शीळफाट्यावरील अवजड वाहतुकीची सूक्ष्म धूळ दोनदा मोजली जाते.

निर्देशांकाचा अनुभव :
२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ८८ औद्योगिक समूहांचा सर्वंकष निर्देशांक प्रसिद्ध केला. ७० हून अधिक गुण मिळालेल्या ४३ अतिप्रदूषित समूहांत डोंबिवली ७८.४१ गुणांसह होती. या निर्देशांकात प्रदूषक, त्याचा मार्ग व बाधित लोकसंख्या यांना गुण दिले होते. म्हणजे स्थानिक परिणाम मोजण्याचा तो देशी प्रयत्न होता. तथापि त्याचे गुण आणि जीवनचक्र प्रणालींचे गुणक यांच्यात थेट सेतू नाही. जानेवारी २०१४ मधील हिरवा पाऊस व फेब्रुवारी २०२० मधील गुलाबी रस्ता लोकांनी डोळ्यांनी पाहिला; रंग दिसला तरी रसायनाचे नाव व वजन नोंदीत नसेल तर कोणत्याही प्रणालीत त्याचा परिणाम उमटत नाही. मे २०१६ व मे २०२४ मधील कारखान्यांतील प्राणघातक स्फोटही अशा मूल्यमापनात सहसा येत नाहीत, कारण ते नियमित उत्पादन गृहीत धरते.

निष्कर्ष :
१. नियमनाच्या नोंदी व परिणाम-पद्धती यांचा उगम भिन्न गरजांतून झाला. त्यांच्यातील विसंगती ही केवळ तांत्रिक चूक नसून ऐतिहासिक आहे.
२. न जुळलेले उत्सर्जन म्हणजे निरुपद्रवी उत्सर्जन नव्हे. म्हणून प्रत्येक मूल्यमापन अहवालास न जुळलेल्या उत्सर्जनांची यादी जोडणे आवश्यक आहे.
३. सामायिक सांडपाणी केंद्रांच्या नोंदीत सीओडीबरोबर प्रमुख रसायने व क्रोमियमची संयुजा स्वतंत्रपणे यावी.
४. रसायनशास्त्र, भूगोल व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील जुन्या नोंदींची पदार्थनिहाय सूची करावी.

तसे न झाल्यास आकडा शून्य दाखवील आणि खाडीकाठचा रहिवासी त्याच पाण्याचा वास घेत राहील.