मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ काय?



घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दिसेनासे होऊ लागले, म्हणजे पहिला सल्ला शेजारपाजारचा मिळतो. “मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही. पिकू द्या, मग काढा.” दुसरा सल्ला असा की, हिवाळा लागू द्या. आणि तिसरा, “त्यानंतर महिनाभर हलायचं नाही, खोकायचं नाही, खाली वाकायचं नाही. घरात करायला कोण आहे?” या तीन सल्ल्यांत आजीची दोन-चार वर्षे सहज निघून जातात. चूल चाचपून पेटवायची, भिंत धरून परसात जायचे, आणि नातवंडांना आवाजावरून ओळखायचे.

मी डॉक्टर नाही. कॉलेजात इतिहास शिकवितो. पण या तिन्ही सल्ल्यांना इतिहास आहे. ते अडाणीपणाचे नाहीत, हे मला आधी सांगितले पाहिजे. आपापल्या काळात ते जाणत्या वैद्य-डॉक्टरांनीच दिलेले होते. काळ पुढे गेला, शस्त्रक्रिया बदलली. सल्ला मात्र गावात राहून गेला.

आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते पाहू. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे मसुरीच्या दाण्यासारखे, पण त्याहून मोठे, एक स्वच्छ भिंग असते. वयोमानाने ते गढूळ होत जाते. मधुमेहाने किंवा डोळ्याला मार लागल्यानेही होते. पुष्कळांची समजूत अशी की, डोळ्यावर पडदा किंवा सारा येतो आणि डॉक्टर तो खरवडून काढतात. तसे नाही. वरून काही चढत नाही. आतले भिंगच पांढरे पडते. म्हणून थेंब घालून, अंजन लावून किंवा मध घालून ते पुन्हा स्वच्छ होत नाही. भिंग दृष्टीच्या वाटेतून दूर करणे एवढाच उपाय आहे, आणि ते कसे दूर करायचे याचीच ही सारी कहाणी.

या कहाणीचे पहिले सविस्तर पान आपल्या देशातले आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाश नावाच्या नेत्ररोगाचे वर्णन येते, आणि त्याच्या एका प्रकारावर शस्त्रकर्म सांगितले आहे. जवाच्या दाण्यासारखे टोक असलेली शलाका घ्यावी, शिरा टाळून डोळ्याच्या पांढऱ्या भागात ती घालावी, डावा डोळा असेल तर उजव्या हाताने आणि उजवा असेल तर डाव्या हाताने काम करावे, इतके बारकावे त्यात आहेत. काळ कसा असावा? फार उष्ण नाही, फार थंड नाही, असा. नंतर काय करावे? तूप लावून पट्टी बांधावी, रोग्याने उताणे निजावे. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे सारे आवरावे. आपल्या तीन सल्ल्यांपैकी दोन सल्ले इथेच भेटले की नाही?

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. या पद्धतीत मोतीबिंदू बाहेर काढीत नसत. गढूळ झालेले भिंग शलाकेने ढकलून डोळ्याच्या आत खाली पाडीत. दार उघडेना म्हणून ते बिजागरीतून निखळवून घरातच टाकून द्यावे, तसा हा प्रकार. उजेड आत येई, माणसाला बोटे मोजता येत, आणि ते पाहून लोक थक्क होत. पण खाली पडलेले ते भिंग पुढे डोळ्याला त्रास देई. डोळा सुजे, दुखे, आणि पुष्कळदा काही महिन्यांत कायमचा जाई. तोवर सुई फिरविणारा मनुष्य चार गावे पुढे गेलेला असे.

ही फिरती मंडळी फक्त हिंदुस्थानातच होती असे समजू नका. जॉन टेलर नावाचा इंग्रज डोळ्यांचा वैद्य युरोपभर बग्गीतून फिरत असे. १७५० साली लाइप्त्सिक शहरात त्याने बाख या थोर जर्मन संगीतकाराच्या डोळ्यांवर असाच प्रयोग केला. बाखची दृष्टी तर गेलीच, आणि त्याच वर्षी तो वारला. आपल्याकडे मद्रासचे नेत्रशल्यज्ञ रॉबर्ट एलियट यांनी या सुईच्या धंद्याने बिघडलेले डोळे तपासून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यावर एक ग्रंथच लिहिला. डोळ्याच्या शस्त्रक्रियेची जी भीती गावोगाव आहे, तिचे मूळ मला तरी तिथे दिसते. आजोबांच्या आजोबांनी जे पाहिले, ते खोटे नव्हते.

भिंग ढकलण्याऐवजी कापून बाहेर काढावे, ही वाट फ्रान्सच्या जाक दाव्हिएल याने दाखविली. साल १७४७. डोळ्यापुढच्या काचेसारख्या पटलाला खालच्या बाजूने छेद देऊन त्याने भिंग बाहेर घेतले. त्या काळी भूल नाही, टाका नाही, जंतूंची कल्पना नाही. मदतनीसाने डोके घट्ट धरायचे आणि रोग्याने सोसायचे.

इथे मराठी माणसाला अभिमान वाटेल असे एक ठिकाण सांगून टाकतो. तंजावरच्या भोसल्यांच्या गादीवर १७९८ ते १८३२ या काळात दुसरे सरफोजीराजे होते. त्यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार होत, आणि त्या रोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेल्या आहेत. रोगी कसा आला, डोळा कसा होता, काय केले, हे लिहून ठेवण्याची ही शिस्त पाहून इतिहासाच्या शिक्षकाला तरी फार बरे वाटते.

वेदनेचा प्रश्न सुटला तो १८८४ साली. कार्ल कोलर या व्हिएन्नाच्या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो, हे दाखविले. हायडेलबर्गच्या ज्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, तिथपर्यंत जायला त्याच्याजवळ भाडे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरने वाचला! पुढे जंतुनाशनाची शिस्त आली आणि शस्त्रक्रिया खरोखर रुजली. पंजाबात जालंदरला हेन्री स्मिथ नावाचे सरकारी डॉक्टर विसाव्या शतकाच्या आरंभी इतक्या शस्त्रक्रिया करीत की, परदेशचे डॉक्टर शिकायला तिथे येत.

आता ‘पिकण्या’कडे येऊ. याची कारणे दोन होती, आणि दोन्ही चोख होती.

पहिले कारण असे. कच्च्या मोतीबिंदूत भिंगाचा काही भाग गढूळ, तर काही भाग अजून स्वच्छ आणि चिकट असतो. जुन्या हत्यारांनी तो चिकट भाग पुरता निघत नसे. मागे राहिलेल्या कणांनी डोळा सुजे आणि दृष्टीपुढे पुन्हा पडदा येई. कच्चा आंबा कोयीपासून सुटत नाही, पिकला म्हणजे सुटतो, तसेच. दुसरे कारण याहून महत्त्वाचे. भिंग काढले की डोळा बिनभिंगाचा होई. मग बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्यातून प्रत्येक वस्तू पावपटीने किंवा अधिकच मोठी दिसे, सरळ चौकट वाकडी दिसे, आणि बाजूचा माणूस एकदम पुढ्यात उगवे. चहा बशीत ओतायला जावे तो धोतरावर. एका डोळ्याने मोठे आणि दुसऱ्याने लहान, अशी दोन चित्रे जुळत नसल्याने दुसरा डोळा बरा असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोगच होईना. तेव्हा डॉक्टर म्हणत, “अजून काम चालतंय ना? मग थांबा.” हा शहाणपणाचाच सल्ला होता.

हलू नका, खोकू नका, याचेही तसेच. छेद मोठा आणि टाके नाहीत, किंवा असले तर जाडेभरडे. म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून रोग्याला उताणे निजवीत, कित्येक दिवस. आणि हिवाळा? स्वातंत्र्यानंतर नेत्रशिबिरे गावोगाव भरू लागली. उत्तर कर्नाटकातून निघून खेडोपाडी हजारो माणसांना दृष्टी देणारे डॉ. एम. सी. मोदी यांचे नाव त्या भागात अजून घेतात. शिबिर शाळेत किंवा धर्मशाळेत. बाके बाहेर काढायची, वर्ग धुवून घ्यायचा. उन्हाळ्यात धूळ, घाम, माशा. पावसाळ्यात ओल आणि शेतीची कामे. राहता राहिला हिवाळा. शिक्षक मंडळींपैकी काहींनी हे पाहिले असेल, बाकेही उचलली असतील. पुढे अशा जागी जंतुसंसर्गाचा धोका फार, हे ध्यानात आले. म्हणून आता शिबिरात फक्त तपासणी व्हावी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच व्हावी, अशी रीत ठरली आहे. तिथे बारा महिने सारखेच.

हे सारे पालटले ते एका युद्धामुळे. १९४० साली जर्मन विमाने इंग्लंडवर चालून आली, तेव्हा इंग्रज वैमानिकांच्या विमानांचे काचेसारखे प्लॅस्टिकचे झाकण फुटून त्याचे कण त्यांच्या डोळ्यांत घुसत. हॅरल्ड रिडले या लंडनच्या डॉक्टरला आढळले की, साधे कुसळ गेले तरी लाल होणारा डोळा हे कण मात्र वर्षानुवर्षे मुकाट सहन करतो. मग याच पदार्थाचे भिंग करून डोळ्यात का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्याने तसे भिंग बसविले. पहिल्या रोग्याच्या भिंगाचा नंबर साफ चुकला, आणि मोठमोठ्या डॉक्टरांनी रिडलेला पुढे वर्षानुवर्षे विरोध केला. पण कल्पना टिकली. १९६७ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स केल्मन याने दातांच्या दवाखान्यातले दात साफ करण्याचे कंपनाचे यंत्र पाहून, तशाच कंपनाने मोतीबिंदू डोळ्यातच फोडून बारीक छिद्रातून ओढून घेण्याची युक्ती काढली.

आपल्या देशात ही भिंगे प्रथम परदेशाहून येत आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर असत. मदुराईला डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी १९७६ साली अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले होते. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली, तरी त्याच बोटांनी ते शस्त्रक्रिया करीत. त्यांच्याच संस्थेने १९९२ साली भिंगांचा कारखाना काढला आणि किंमत एकदम खाली आणली.

भिंग आत बसू लागले आणि जाड चष्मा गेला. चिकट भागही यंत्राने स्वच्छ निघू लागला. म्हणजे पिकण्याची दोन्ही कारणे संपली! उलट आता थांबण्यातच धोका आहे. फार पिकलेले भिंग दगडासारखे कडक होते, फुगते किंवा पाझरते, आणि डोळ्यातला दाब वाढतो. एखाद्या रात्री डोळा ठणकून लाल होतो, डोके दुखते, उलट्या होतात. त्या दाबाने डोळ्यामागची नस सुकली, तर मोतीबिंदू कितीही छान काढला तरी दृष्टी परत येत नाही. रोजच्या कामाला अडचण होऊ लागली, तांदळातला खडा दिसेना, समोरच्या दिव्याभोवती किरणे फाकू लागली, की डॉक्टरांना दाखवायचे, हाच आजचा हिशेब.

प्रत्यक्षात काय होते तेही थोडक्यात सांगतो. आधी रक्तदाब आणि साखर तपासतात. नाकाकडच्या कोपऱ्यातून पू किंवा पाणी येत असेल, म्हणजे लासरू असेल, तर आधी त्यावर उपचार होतो. कोणत्या नंबरचे भिंग बसवायचे ते यंत्राने मोजतात. रिडलेचा चुकला तो हाच हिशेब. चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवावी, आपल्या मनाने एकही बंद करू नये. शस्त्रक्रियेला थेंबांनी किंवा इंजेक्शनने डोळा बधिर करतात. माणूस जागा असतो, प्रखर उजेड दिसतो, पाणी ओघळल्यासारखे वाटते, दुखत नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटांचे काम. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. महिना-दीड महिना थेंब घालायचे, तेही हात धुऊन. डोळा चोळायचा नाही, काही दिवस आत पाणी जाऊ द्यायचे नाही, आणि शेतात, चुलीच्या धुरात एवढ्यात जायचे नाही. शिंक आलीच तर घाबरण्याचे कारण नाही. थोडी लाली, थोडी खुपखुप होते. पांढरे धोतर निळसर दिसू लागते, कारण इतके दिवस आपण पिवळ्या काचेतून पाहत होतो. वाचायला बहुधा चष्मा लागतोच.

मात्र दुखणे वाढत गेले, दिसत होते ते कमी झाले, डोळा लालभडक होऊन चिपडे येऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उद्यावर टाकू नये. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो. काहींना काही महिन्यांनी पुन्हा अंधूक दिसते. मोतीबिंदू परत उगवला असे ते समजतात. तो उगवत नाही. भिंगामागची पातळ झिल्ली गढूळ होते, आणि ती लेझर किरणांनी काही मिनिटांत मोकळी करता येते. जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते, हेही सांगून ठेवतो.

काचबिंदू हा मात्र निराळा रोग. नाव सारखे म्हणून घोटाळा होतो. त्याची शस्त्रक्रिया दाब कमी करून उरलेली दृष्टी राखते, गेलेली आणीत नाही. आणि डोळ्यात फूल पडले असेल, तर नेत्ररोपण. ते पहिल्यांदा यशस्वी झाले ७ डिसेंबर १९०५ रोजी, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या ओल्म्युत्स गावी, एदुआर्द त्सिर्म या डॉक्टरच्या हातून. रोगी होता चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर. रोपणासाठी लागते ते बुबुळावरचे पारदर्शक पटल, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढलेले. आतले भिंग त्यासाठी लागत नाही. म्हणून ज्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, त्यालाही नेत्रदान करता येते.