हरवलेला डोंगल आणि 'गिटार हिरो'

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, जुन्या मालात, मला 'गिटार हिरो'ची प्लेस्टेशन ३ साठीची वायरलेस गिटार मिळाली. तारा नाहीत, पाच रंगीत बटणं आणि छेडायला वर-खाली हलणारी पट्टी. घरी आल्यावर लक्षात आलं, सोबतचा यूएसबी डोंगलच नाही. त्याशिवाय कन्सोलला ही गिटार दिसतच नाही.

हे गेम असेच वस्तूंवर अडकलेले होते. २००५ मध्ये हार्मोनिक्सने बनवलेला पहिला 'गिटार हिरो' आला, २००७ मध्ये त्यांचाच 'रॉक बँड', ड्रम आणि माइकसकट. २००९ मध्ये तर बीटल्स, मेटॅलिका, डीजे अशी रांगच लागली. गाण्यांचे हक्क महाग, वाद्यं महाग, आणि ती ठेवायची कुठे? फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने गाशा गुंडाळला. २०१५ मध्ये 'गिटार हिरो लाइव्ह' आला, पण त्याची बहुतेक गाणी सर्व्हरवर होती. डिसेंबर २०१८ मध्ये ती सेवा बंद झाली. डिस्कवरची ४२ गाणी उरली.

माझी गिटार मात्र वाचली. बटणं म्हणजे शेवटी साधे स्विच. जुना बोर्ड काढून रास्पबेरी पाय पिको बसवला. प्रत्येक स्विचची एक वायर पिनला, दुसरी ग्राउंडला. फर्मवेअर टाकलं की लॅपटॉपला ती यूएसबी कंट्रोलर वाटते आणि 'क्लोन हिरो' हा फुकट गेम चालतो. टीव्हीवर खेळणार असाल तर आधी कॅलिब्रेशन करा. चित्र थोडं उशिरा उमटतं, आणि वेळेवर दाबलेलं बटणही चुकलं असं धरलं जातं.